अकरा पोती माती

बेटावर माती वीतभरच.
तिच्याखाली लगेच काळा खडक,
कुदळ मारली की ठिणगी उडते.
मेंढ्यांपुरतं गवत निघतं,
माणूस झाकायला पुरत नाही.

म्हणून योआकिम गेला तेव्हा
सुन्नेवाने रेडिओवर मला एवढंच सांगितलं:
अकरा पोती आण.
तो उंच होता.

मी टपालाची बोट चालवतो,
आठवड्यातून दोनदा, समुद्राने हो म्हटलं तर.
माझ्या परसातली माती खणून भरली,
बटाट्यांची जागा होती ती.
त्या जानेवारीत समुद्र एकोणीस दिवस नाही म्हणाला.
धक्क्याच्या पायऱ्यांवर दोन पुरुष लाट चढायची.
मी जवळ जायचो, पोत्यांकडे बघायचो, परतायचो.
भिजून भिजून माती जड होत गेली.

तिकडे योआकिम वाळवणाच्या खोपीत,
फळ्यांच्या फटींतून वारा खेळता ठेवलेल्या,
जिथे मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या असतात.
दुसरीकडे कुठे ठेवणार?
घर उबदार, आणि चर्चचं छप्पर उडालेलं.
सुन्नेवा रोज तिथे विणकाम घेऊन बसायची,
लोकरीचे भाव सांगायची,
कोणती मेंढी लंगडते ते सांगायची.
"चाळीस वर्षांत
इतकं ऐकून घेतलं नव्हतं त्याने,"
नंतर मला म्हणाली. हसली नाही.
मग हसली.

विसाव्या दिवशी समुद्र उतरला.
दोरखंडाने एकेक पोतं कड्यावर ओढलं आम्ही,
अख्खं गाव आणि मी, मिळून पाच जण.
मातीतून गांडुळं निघाली.
धाकट्या टुरिडने गांडूळ कधी पाहिलं नव्हतं.
ओंजळीत धरून विचारत राहिली,
याला थंडी वाजते का, याचं तोंड कुठल्या बाजूला.
प्रार्थना तेवढा वेळ थांबली.

जुलैत टपाल घेऊन गेलो
तर कबरीवर बटाट्याचं रोप,
वाऱ्यापुढे आडवं, तरी पांढरं फुललेलं.
मी उपटायला वाकलो.
"असू दे," ती म्हणाली.

सप्टेंबरात तिनेच काढले. सात निघाले.
मीठ घालून उकडले, मला दोन वाढले.
मी ताटलीकडे बघत बसलो.
"खा," म्हणाली, "माती तुझीच आहे.
भाडं कुठे घेतलं होतंस?"

सातवा तिने पुन्हा पुरून ठेवला,
पायथ्याशी.
उशाकडे वारा फार लागतो.