तीनाचे पाच

टोईव्हो,
विजेच्या बिलावर अजून आपली दोन्ही नावं येतात.
आधी पुरावा म्हणून ठेवली होती.
एका छपराखाली राहतो,
एकाच्या दिव्यात दुसरा वाचतो,
हे सरकारला पटावं म्हणून.
त्या निळ्या फाइलीत काय नव्हतं?
बँकेचं सामाईक खातं, गाडीचा विमा,
तुझ्या बहिणीच्या अंगणातले फोटो,
प्रत्येकात नेमके तुझे डोळे मिटलेले.
भांडणांची पावती मात्र कुणी मागितली नाही.
मी म्हणाले होते, तीच लावूया पहिल्या पानावर.
खिडकी उघडी की बंद, यावर दोन हिवाळे चाललेला खटला
खोट्या नवराबायकोत चालतो का कधी?
तू हसलास,
डबा उचललास, पुलावर गेलास रात्रपाळीला.

डुलुथचा पूल तू वर उचलायचास.
खनिजाने भरलेलं जहाज सरोवरातून हाक घालायचं,
एक लांब, दोन आखूड,
आणि तू तेवढीच परत द्यायचास.
मी अंथरुणात मोजायची.
हाक मारली की ओ द्यायची,
एवढा एकच नियम या देशाचा मला पहिल्याच आठवड्यात कळला.
बाकीचे टपालाने येत राहिले.

नागरिकाची बायको म्हणून तीन वर्षं,
एरवी पाच.
मासेमारीच्या दुकानातलं फुकट कॅलेंडर,
त्यावर तू दर रविवारी फुली मारायचास
आणि जेवताना माझी परीक्षा घ्यायचास.
घटनादुरुस्त्या किती?
मी सत्तावीस म्हणाले. तू म्हणालास, छे, इतक्या कुठे,
आणि हळूच पुस्तक उलटून पाहिलंस.

एकशे चार दिवस उरले होते.
फेब्रुवारी. दारापुढचा बर्फ.
मी खिडकीतून पाहिलं तेव्हा
फावडं उभं होतं.

वकीलबाई भली होती.
सुई टोचण्याआधी नर्स बोलते तशी बोलली:
तुमचं कार्ड तुमचंच आहे, कुणी घेणार नाही.
फक्त, आता तीनाचे पाच.
तीन वर्षांच्या सवलतीला नवरा सोबत राहणारा लागतो.
म्हणजे कायद्याला तू जिवंत लागतोस.
कायद्याचं आणि माझं
त्या एकाच बाबतीत जमलं.

कुतायसीहून आईचा फोन, तिथे सकाळ, इथे मध्यरात्र:
ज्याच्यासाठी गेलीस तोच नाही, आता कुणाचा देश तो?
मी म्हटलं, आई, इस्पितळातल्या चादरींचा.
चारशे किलो येतात रोज, धुवायला.
ती रडली. मग विचारलंन, तिथे चीज बरं मिळतं का.

पहिल्या रात्री जहाज आलं, हाक घातली,
आणि पुलाने ओ दिली.
तुझ्याशिवाय!
मला इतका राग आला
की खिडकी लावून घेतली,
जी तू जिंकला होतास.
एप्रिलमध्ये केव्हातरी पुन्हा उघडली.

एकशे चार दिवसांचे
दोन वर्षं एकशे चार दिवस झाले.
कॅलेंडर दुकानवाल्याने दर डिसेंबरला न मागता दिलं.

मुलाखतीचा अधिकारी तरुण होता, गळ्याशी दाढी करताना कापलेला.
वैवाहिक स्थिती, त्याने विचारलं.
चार चौकोनांतला चौथा, मी म्हणाले.
निळी फाइल पुढे केली, सवयीने.
त्याने ती दोन बोटांनी मागे सरकवली,
याची आता गरज नाही, मॅडम.
तुम्ही तुमच्या बळावर पात्र आहात.
केवढी शाबासकी, टोईव्हो,
आणि कशी कानफटात बसावी तशी बसली.
घटनादुरुस्त्या त्याने विचारल्याच नाहीत.

शपथेच्या दिवशी मी तुझा कोट घातला होता,
बाह्या दुमडून. खिशात बिल.
नावं पुकारणारी बाई माझ्या नावाशी अडखळली.
तुझ्याही तोंडात ते बसायला एक हिवाळा लागला होता.
के, म्हणाली ती. केट. केटा.
मग श्वास घेऊन सगळं एकदम:
केतेवान कोस्केला.

मी ओ दिली.
जरा मोठ्यानेच असावी.
पुढच्या रांगेतल्या एका पोराने
दोन्ही कान झाकून घेतले.