छातीच्या उंचीवर

घाटीगावच्या पुढे डांबर संपतं,
खाणीच्या ट्रकांची पांढरी धूळ मात्र संपत नाही;
ती बोरांवर, घाणेरीवर, माझ्या भुवयांवर,
आणि प्लॉट नंबर सतराच्या कोपऱ्यातल्या दगडावर,
ज्याच्यावर कुणीतरी चुन्याने काढलेला बाण
आता फक्त माहीत असलेल्यालाच दिसतो.

माघ आहे. करधई तांब्याच्या भांड्यासारखी,
चिंचेने घासायची राहून गेलेली.
हरविलास पुढे, मी मागे,
खिशात मुरैन्याची गजक, हातात फीत,
पाठीवर ब्याऐंशी सालची वही:
रेंजर कानविंद्यांचं उजवीकडे झुकलेलं, मोडी वळणाचं अक्षर.
करधई, क्र. ४१. घेर ६२ से.मी.
खोड सरळ. एक फांदी तोडलेली.

आज एक्केचाळीस नंबर भरला
एकोणसाठ.

पुन्हा फीत गुंडाळली. एकोणसाठ.
माणसं आखडतात म्हातारपणी. माझी आत्या आखडली,
लष्करच्या घरात तिचा हात
फडताळाच्या वरच्या कप्प्याला पोचेनासा झाला.
पण लाकूड?
लाकूड सगळं आत ठेवतं, दुष्काळसुद्धा.

बेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस,
सगळी दोन-दोन, तीन-तीनने बारीक,
अख्खा प्लॉट उपाशी असल्यासारखा.
आणि मी, खोटं कशाला बोलू,
आतून थोडी खूश.
खाली गेलेलं पाणी, खाणीची धूळ, चाळीस वर्षं;
निबंधाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं.

हरविलास काडीने दगड उकरत बसला होता. म्हणाला,
"फीता तो दद्दा पकरत हते.
साहब उतै पथरा पै बैठके लिखत हते."

दद्दा किती उंच?
त्याने हात धरला स्वतःच्या खांद्याखाली,
हवेत, पंजा सपाट,
जसा आपण लेकराची उंची दाखवताना धरतो.
कमोदा सहरिया. वहीत त्याचं नाव नाही.
मजूर एक, एवढं आहे. रुपये सात.

नियम सांगतो: छातीच्या उंचीवर,
एक मीटर सदतीस.
कुणाची छाती, ते नियम सांगत नाही.
माझ्या तर ती गळ्याशी येते,
रोज शंभर झाडांशी मी हनुवटी उचलून बोलते.

मग हरविलास झाडाला लागून उभा राहिला,
गुडघ्यांत वाकला, अजून थोडा, डोळे मिटून,
अंधारात घरच्या दाराची कडी चाचपावी तसा,
आणि थांबला. "इत्तो."
तिथे खूण काही नव्हती.
गेरू कधीच धुऊन गेलेला, साल कितीदा बदललेली.
फक्त त्याचे वाकलेले गुडघे.

फीत खाली आणली.
सदुसष्ट.

फार नाही वाढली. करधईचं असंच;
हवा नुसती ओलावली तरी पानं काढते म्हणतात,
आभाळाकडे न बघताच,
पण अंग धरायचं म्हटलं की
जुन्या मुनिमासारखी, पै पै मोजून.

वहीत नवा रकाना आखला.
एकात: नियमाप्रमाणे, ५९.
दुसऱ्यात: कमोदाच्या छातीशी, ६७.
जबलपूरहून विचारतील, हे दुसरं प्रमाण कुठलं,
चूक किती धरायची.
लिहीन, मुलाच्या आठवणीत असेल तेवढी.
खोडतील बहुधा.

परतताना गजक अर्धी अर्धी केली.
ट्रक आला, आम्ही तोंड फिरवून उभे राहिलो.
धूळ बसायच्या आतच तो म्हणाला,
"और मैडम, तुमाई ऊँचाई लिख दई?"

नव्हती लिहिली.
तिथेच, रस्त्याच्या कडेला, वही मांडीवर घेऊन लिहिलं:
लिहिणारी पाच फूट एक, बूट धरून दीड.
फीत धरणार हरविलास, कमोदाचा.
पाच फूट सहा. वाकला तर कमी.