दाबल्यावर का सोडल्यावर

आधी वाटलं, सिमेंट रस्त्याचे सांधे.
मानेवाडा रोडवर दर काही फुटांना एक धडक असतेच,
त्यात गाडीची काय चूक.
पण ही वेगळी होती. काटा पन्नाशी ओलांडू लागला
की सीटखालून यायची,
जेवताना शेजारच्यानं टेबलाखाली पाय हलवत बसावं तशी.
ॲक्सिलरेटरवरून पाऊल उचललं की गप्प.
चोरी पकडल्यासारखी गप्प.

धंतोलीच्या सर्व्हिस सेंटरनं चारही प्लग बदलले.
सक्करदऱ्याच्या टायरवाल्यानं रिमवर
शिशाचे दोन नवे तुकडे ठोकले.
यशोधर म्हणाला, ताई, त्या पंपावरचं पेट्रोल सोड.
मी पैसे देत गेले,
थरथर रोज माझ्यासोबत क्लिनिकला येत राहिली.

कॉटन मार्केटच्या मागे, कढया ठोकणाऱ्याला लागून
गुणवंत नंदनवारचं गॅरेज. पाटी नाही.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
हात पुसत विचारलं,
"कवा थरथरते थे सांगा जी. दाबल्यावर का सोडल्यावर?"

अकरा वर्षं हाच प्रश्न मी विचारते आहे
खांदा धरून येणाऱ्यांना: कधी दुखतं,
उचलताना की ठेवताना? जिना चढताना की उतरताना?
वैतागतात लोक. एक्स-रे पुढे सरकवतात.
आणि आपल्याच गाडीला मी हे
एकदाही विचारलं नव्हतं.

"दाबल्यावर."
"वळतानी कटकट?"
"नाही."
"ब्रेकवर?"
"नाही."
"मंग चला."

सेमिनरी हिल्सच्या चढावर तो चालवत होता.
काचा वर, रेडिओ बंद, मलाही बोलू नका म्हणाला.
दाबलं, सोडलं. दाबलं.
पुन्हा सोडलं, आणि मान एका बाजूला कलती ठेवून
थोडा वेळ नुसताच ऐकत राहिला,
जे नव्हतं ते.
"इंजिन नोहे. इंजिन मिस मारते त झटके बेहिशोबी येते.
हे चाकासंग फिरून राह्यलं. हिशोबात."

झीशान गाडीखाली सरकला. बॅटरीच्या उजेडात
उजव्या एक्सलचं आतलं रबर फाटलेलं,
आणि त्यातून उडालेलं काळं ग्रीस
सगळीकडे, नाल्याकाठच्या चिखलासारखं, धूळ खाऊन घट्ट.
नटाला पाइप लावून दोघं लटकले तेव्हा कुठे सुटला.
मग कपात बसणारे तीन रोलर त्यानं माझ्यासमोर ठेवले
आणि कप पुढे केला: "नख फिरवा."

फिरवलं. अडकलं.
ज्वारीच्या दाण्याएवढीही नसेल खाच.
जोर पडला की रोलर तिच्यावर चढायचा, उतरायचा,
चढायचा. जोर नसला की निवांत.
मला फार ओळखीचं वाटलं ते,
पण गॅरेजमध्ये बोलले नाही.

नवा एक्सल बसवताना मात्र पाहिलं:
डावा हात कानाच्या वर जात नव्हता त्याचा.
पाना उजव्यात घेऊन तो अर्धा वळायचा,
कुणाला कळू नये इतक्या सराईतपणे.
"कधी दुखतं? उचलताना का—"
"उचलतानी," तो म्हणाला, आणि लगेच,
"थे सोडा जी. झीशान, टॉर्च इकडे मार बे."

चार हजार दोनशे. माझं कार्ड त्यानं
शर्टाच्या खिशात ठेवलं, तेलाच्या डागामागे.
येणार नाही. माहीत आहे मला.

वर्धा रोडवर पन्नास. साठ.
सीटखाली काही नव्हतं.
तरी पासष्टला माझी बोटं स्टिअरिंगवर
आपसूक आवळली गेली.
दुखणं गेल्यावरही स्नायू काही दिवस पहारा देतात,
रोज सांगते मी हे, दिवसाला सहा-सात जणांना,
आणि ते मान डोलावतात.
सत्तर.
मागच्या सीटवर पेपरात गुंडाळलेला जुना सांधा
विमानतळाच्या वळणावर
इकडून तिकडे घरंगळत गेला.