हयातीचा दाखला

फाइलीत पत्ता आहे :
ओढ्याकाठी, गिरणीसमोर, पुणे.
एकोणीस वर्षांपूर्वी कुणा हवालदाराने घाईत लिहिलेला,
'गिरणी'तली वेलांटी चुकलेली.

कौसाबाई म्हणते, घर मला ठाऊक आहे,
नळाच्या डाव्या हाताला. दारात तांब्याचं घंगाळ,
भावाची पोरं त्यात बसवून न्हाऊ घालायची मी.

येरवड्याच्या फाटकाबाहेर नऊला बस मिळाली.
खिडकी तिला दिली.
बंडगार्डनच्या पुलावर तिने नदीला हात जोडले
आणि लगेच पदर नाकाला लावला.
तिकिटं मी संस्थेच्या व्हाउचरवर मांडली :
रुग्ण एक, कार्यकर्ती एक.
मग 'रुग्ण' खोडून 'प्रवासी' लिहिलं.
हिशेबाच्या तपासणीसांना हे चालणार नाही.

ओढा होता.
काठ तिच्या ओळखीचा नव्हता : सिमेंटची भिंत,
भिंतीवर स्वच्छतेची घोषणा, खाली डुकरं.
गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान.
नळ तिने पायांनी शोधला.
चपला हातात घेऊन चालत राहिली,
एका फरशीवर थांबली,
म्हणाली, इथे ओल असायची.

मी घड्याळ पाहिलं. हेही लिहायला हवं.
तीन वाजता दुसऱ्या कुणाची तरी कोर्टात तारीख होती
आणि मला ही ओल लवकर संपायला हवी होती.

पानवाल्या म्हाताऱ्याने चुना लावता लावता मान वर केली.
"निवृत्तीची बहीण?
तिचं तर दहावं झालं की.
मी होतो जेवायला."

भाऊ आता हडपसरच्या पुढे, सातव्या मजल्यावर.
लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर ती मोठ्याने आकडा म्हणत होती,
पाचनंतर पुन्हा पाच.
घंगाळ बाल्कनीत. त्यात तुळस.
आणि भिंतीवर कौसाबाई,
हार प्लास्टिकचा, काचेवर कुंकू.
फोटोसमोर तिने पदर सारखा केला,
थोरामोठ्यांसमोर करतात तसा.

वहिनीने पाण्याचे दोन पेले आणले
आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.
भाऊ बोलला ते माझ्याशी :
"पात्रता यादीत नावं जुळेनात, मॅडम.
ही कुठं आहे, विचारायचे.
वेड्याच्या दवाखान्यात म्हणायची लाज वाटली.
मेली म्हटलं,
लगेच सही झाली."

अशा वेळचं भाषण माझ्याकडे पाठ असतं,
कायदा, कलम, वारसाहक्क.
दहा वर्षांत शब्दही बदललेला नाही.
तोंड उघडलं, तेवढ्यात कौसाबाईने
घंगाळातली माती बोटाने चाचपली.
"पाणी जास्त होतंय हिला," ती म्हणाली,
"बुडाला भोक पाडा."

दिवाळीला न्यायला येतो, म्हणाला भाऊ.
कोणत्या, ते मी विचारलं नाही.

आज क्षेत्रीय कार्यालयात चौथी खेप.
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागचा पोरगा चांगला आहे,
खुर्ची देतो, पंखा आमच्याकडे वळवतो.
"नोंद रद्द करायला पुरावा लागेल, ताई."
मी बाकाकडे बोट दाखवते.
बाकावर कौसाबाई शेंगा सोलते आहे,
टरफलं पदरात, दाणे माझ्यासाठी कागदावर.
तो बघतो. हसतो. ओशाळतो.
"तसं नाही हो. कागद."

म्हणून हा अर्ज. सदर महिला हयात असून,
इथपर्यंत हात आपोआप चालतो.
पुढे छापील रकाना :
अर्जदाराचे मयताशी नाते.

मी वाचून दाखवते.
ती एक दाणा चावते, सावकाश,
खिडकी, पोरगा, पंखा, सगळं बघून घेते.
"ओळख होती म्हणावं," ती सांगते.
"पूर्वीची."

रकाना लहान आहे.
मी अक्षर बारीक करते.