पडणाऱ्यांची यादी

घोणसखिंडीतल्या सात वीरगळांना चुना फासायचा ठराव
मी हाणून पाडला, एवढंच माझं कर्तृत्व.
बाकी सगळं रांजणेंनी केलं.
दारूकामाच्या परवानगीसाठी मेढ्याला तीन हेलपाटे,
चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं,
"लढाई किती वाजता संपेल?"
रांजणे म्हणाले, "पावणेबाराला. नंतर पिठलं-भाकरी."

वही माझ्याकडे. शाळेतली शिल्लक, शंभर पानी.
पहिल्या पानावर मावळे, एकशे चार.
दुसऱ्या पानावर मोगल.
तिथं नुसता समास.

कुणीतरी इन्नुसकडे बघितलं.
मग सगळ्यांनीच, एकदम,
आणि एकदम दुसरीकडे.
इन्नुस मुलाणी पत्र्याच्या ढालींना मुठी जोडत होता,
दोन्हीकडच्या.
वेल्डिंगची काच वर न करता म्हणाला,
"चिठ्ठ्या टाका की."

धनावड्यांच्या हेल्मेटात टाकल्या.
सरपंचांना मोगल आला. दोन दिवस फोन बंद.
इन्नुसनं आपली चिठ्ठी वाचली,
'मावळा',
आणि घडी घालून पाकिटात ठेवली,
बिलाच्या पावतीसारखी.

घोडे साताऱ्याहून आले, वरातीचे, चार.
हलगी वाजली की नाचायचे.
लढाईत हलगी नको, तर वाजवायचं काय?
सरदार झालेल्या नरसाळ्यांनी तलवार उपसून आरोळी ठोकली,
आणि खालचा पांढरा घोडा
पुढचे पाय उचलत, मान मुरडत
थेट मांडवात निघाला.
पोरं इतकी हसली की पहिली फळी जागेवरच मोडली.
शत्रूला काही करावंच लागलं नाही.

तिसरं पान मी लांबवत होतो.
वर लिहिलं: पडणारे.
तर मरायला झुंबड!
लवकर मेलं की लवकर पडून राहता येतं, असा हिशेब.
आणि सगळे एकसारखे पडत:
छातीवर हात, अर्धी गिरकी, लांबलचक "आई गं",
मग एक डोळा किलकिला करून
मोबाइल कुणी धरलाय ते बघायचं.

पार्टे हवालदार करवंदीच्या जाळीशी बसले होते.
पेन्शनीत येऊन एकवीस वर्षं.
त्यांना फक्त रांगा सरळ करायला बोलावलं होतं.
ते उठले. म्हणाले, "असं नसतंय."

कसं असतं, कुणी विचारलं नाही.
ते चालत आले, चहाला निघाल्यासारखे,
नरसाळ्यांना काही सांगत होते,
आणि शब्द अर्धा तोंडात असताना
खाली बसले.
नुसते बसले. जणू चपलेचा अंगठा तुटला.
मग कलले.
एक हात अंगाखाली अडकला.
तो त्यांनी काढून घेतला नाही.

घोड्यानं शेपटीनं माशी हाकलली.
किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
वहीत तिथं पेनाचा ठिपका आहे, फुगलेला.

मग ते कुसळं झटकत उठले. "हं, चला. पुन्हा."
पाणी द्यायच्या निमित्तानं मी जवळ गेलो.
विचारलं, "कोण होता?"
"शिराळ्याकडचा," म्हणाले.
"माझे साडेतीनशे रुपये द्यायचा होता."
आणि तांब्या रिकामा करून
उजवी रांग सरळ करायला गेले.

रविवारी लढाई झाली.
सरपंच आले, चिकटवलेल्या मिशा लावून,
आणि मोगलांत सगळ्यात झकास तेच लढले.
घोडे नाचले, लोकांना तेही आवडलं.
मग पडणारे पडले.
कुणी ओरडलं नाही.
कुणी चालता चालता बसलं,
कुणी कुणाला हाक मारता मारता.
इन्नुस तिसऱ्या पानावर नव्हता,
तरी तोही बसला, स्वतःच्या ढालीला टेकून,
सातव्या वीरगळाशेजारी.

बायाबापड्यांना वाटलं, काहीतरी चुकलं.
टाळ्या आल्या, पण उशिरा, आणि थोड्या.

बारा वाजले. ऊन डोक्यावर.
पडलेले पडलेलेच.
तेव्हा माझ्या ध्यानात आलं:
उठायचं कधी,
ते मी कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं.

शेवटी रांजणेंनी भोंगा तोंडाशी धरला,
दोनदा खाकरले,
आणि म्हणाले, "पोरांनो,
पिठलं निवतंय."