अभिप्रायाचा रकाना

नव्या रजिस्टरात तो रकाना नाही.
नाव, पुस्तक क्रमांक, तारीख, सही. बस.
जुनं मात्र आडवं, लाल कापडी पाठीचं,
त्यात शेवटी बोटभर जागा होती : अभिप्राय.
गावानं ती कोरी सोडली.
आमच्या घरानं भरली.

ग्रामपंचायतीच्या मागची ही खोली,
युरियाच्या पोत्यांचा वास अजून जात नाही इथून.
मी आता इथली ग्रंथपाल.
जुनं रजिस्टर रद्दीत घालायच्या आधी
पानं उलटून रायली.

बाबा जिनिंगमध्ये काट्यावर होते.
शब्दही तसेच लिहायचे, कडता कापून.
एका जाड कादंबरीपुढं :
'चारशे बारा पानं. पाऊस नऊ वेळा.
पेरणी एकदाही नाही.'
दुसरीपुढं :
'माणूस चांगला हाय. पण त्याले कामधंदा काय?'

गिरजा आत्याला वाचता येत नव्हतं.
तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती सांगायची,
मी लिहायची :
'शेवट आधी सांगत जा वं पोरी.
मरते का जगते ते कळलं
की मंग मन लावून ऐकता येते.'

धाकटा निनाद तेव्हा चौथीत.
टिपेश्वरचं रान आमच्या धुऱ्यापासून दोन कोस.
चित्रांच्या पुस्तकापुढं त्यानं पेन घोटून लिहिलंय :
'वाघ बोलते ते चालते.
वाघ छत्री घेते तेही चालते.
पण वाघ असा बसत नाही.'

माझ्या नावापुढं एकच शेरा, तोही माझ्या हातचा नाही.
तेराव्या वर्षी, मोठ्यांच्या कपाटातलं,
घरात आढ्यापर्यंत भरलेल्या कापसात
खड्डा करून, आत बसून वाचलेलं.
परत केलं तेव्हा गोमासे गुरुजींनी
हिरव्या शाईनं नोंदवलं :
'पान १३७ ते १४० दरम्यान रुई आढळली. दंड एक रुपया.'
बाबांनी रुपया भरला.
काय वाचलंस, विचारलं नाही.
रुई चिमटीत धरून ओढून पाहिली फक्त,
म्हणाले, 'धागा लांब हाय.'

आई लहान मुलांचीच पुस्तकं न्यायची.
निनाद शिकून पुण्याला गेला, तरी.
आम्ही हसायचो.
'अक्षर मोठं असते,' म्हणायची,
'चष्म्याले पैसे लागते.'
तिचे शेरे :
बरं आहे. बरं आहे. चित्र बरं आहे.
वर्षानुवर्षं तेच.
अन् एका तान्ह्या पोळ्याच्या तारखेला, अचानक :
'या पुस्तकात कोंबडीले नाव हाय.
ढगाले नाव हाय.
आईले नाही.'

उठले. कपाटातून ते पुस्तक काढलं.
पहिल्याच पानावर 'आई'वर बारीक रेघ,
अन् वर पेन्सिलीनं, शाळेतल्यासारखं गोल : पंचफुला.
पंचफुलानं हाक मारली.
पंचफुलानं केस विंचरले.
सोळा पानांत अकरा वेळा.
तेराव्या पानावर बाबा बाजारातून येतात.
तिथं काही केलेलं नाही. ते नुसतेच बाबा.

नियमानं हे खराब झालेलं पुस्तक.
वगळायचं, किंवा खोडून ठेवायचं.
खोडरबर हातात होतं माझ्या,
तेवढ्यात मडाव्यांची रेवती आली, दुसरीतली,
मुठीत अर्धं बिस्कीट.
पुस्तक ओढून घेतलं अन् उंबऱ्यातच बसली,
बोट ठेवून :
'पंच... फुला... म्हणाली...
ऊठ, उजाडलं.'

थांबली.
'मॅडम, हे कोण हाय?'
'वाच पुढं,' म्हटलं.

नव्या रजिस्टरात तिचं नाव लिहिलं, क्रमांक, तारीख.
सहीच्या जागी तिनं बिस्किटाचं बोट टेकवलं.
समासात थोडी जागा उरत होती.
विचारलं, 'कसं आहे पुस्तक?'

'थांबा ना,' मान वर न करता म्हणाली,
'ते आत्ताच चूल पेटवून रायली.'