मधले अकरा सेकंद

नळदुर्गात उपळी बुरुजाआड
ड्रोन गेला, अन् स्क्रीनवर
बोरी नदीचं पाणी चौकोन चौकोन झालं.
मुदस्सर म्हणाला, पाच-आठ सोड,
दोन-चारवर ये. दगड आहे मधी.

चित्र आलं. मधले अकरा सेकंद नाहीत.
मेमरी कार्ड आज घरीच.
"परत मागव की."
"लाइव्हमधी मागत नसतेत.
मागत बसलं की पुढचं तुंबतंय."

माझा बाप फोनवर
प्रत्येक वाक्याला विचारतो, काय म्हणलालास?
मी पुन्हा सांगतो. तो पुन्हा विचारतो.
एका "जेवलाव का"ला चार मिनिटं जातात,
पण पोचतं.

बॅटरी सतरा टक्के.
खाली उतरवला तेव्हा
एका पात्याला हिरवट डाग होता,
ओला.